पोळ्यापुरती सुट्टी

नोकरीतल्या अनेक प्रकरणांचे तपशील आता पुसट होत चालले आहेत. पण एका शेतकऱ्याने माझ्या टेबलासमोर उभे राहून मागितलेली एका दिवसाची सुट्टी मला काल मागितल्यासारखी आठवते. त्या मागणीतूनच एका टोळीचा माग लागला आणि काही तरुण मुले अगदी कड्याच्या टोकावरून परत आली. ती मुले आज आपापल्या कामाला लागली आहेत, म्हणून या लेखात मी कोणाचेही नाव देणार नाही.

त्या वेळी मी अमरावती शहरातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे अशा अधिकाऱ्याला लोक ठाणेदार म्हणतात. सकाळी शिपायांची गणना आणि रात्रीच्या गस्तीचा आढावा आटोपला की मी भेटायला आलेल्या लोकांना आत बोलावत असे. खात्यात येण्यापूर्वी काही काळ मी शाळेत शिकवले होते. तिथली एक सवय सुटली नव्हती. समोरच्याला आधी बसवायचे आणि मग बोलू द्यायचे, कारण उभा माणूस घाईने बोलतो व घाईत अर्धे विसरतो.

पण ते गृहस्थ बसायला तयार होईनात. तेल्हारा तालुक्यातले कापूस पिकवणारे शेतकरी. धुवट धोतर, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी.

"नाही जी, बसत नाही," ते म्हणाले. "मांगाले आलो, उभ्यानंच मांगतो."

"काय मागायला आलात?"

"सुट्टी. माह्या मोठ्या पोराची. पोळ्यापुरती सोडा त्याले. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी पयल्या यष्टीनं मी सोता आणून देतो तुमच्याजवळ."

मला वाटले, मुलगा आमच्याकडे शिपाई असावा. तसे विचारले, तेव्हा ते कसेनुसे हसले.

"व्हाचाच होता जी शिपाई. भरतीसाठीच आलता अमरावतीले. मधात हे केस झाली."

"कोणती केस?"

आता चकित व्हायची पाळी त्यांची होती. "तुमीच इचारता, सायेब? मारामारीची. समोरचा पोरगा अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात हाय म्हनते, बेसुध. तुमीच तं माह्या पोराले शयर सोडू नको म्हनून सांगतलं. दर सोमवारी हजेरी घेता तुमी त्याची."

येथे वाचकांना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जामिनावर सुटलेल्या आरोपीला ठरावीक दिवशी ठाण्यात येऊन सही करण्याची अट न्यायालय घालू शकते. तिला बोलीभाषेत हजेरी म्हणतात. अशी अट असलेली प्रत्येक व्यक्ती ठाणेदाराला माहीत असते. या मुलाचे नाव मी ऐकलेलेही नव्हते. मी ते संगणकावर तपासायला सांगितले आणि तोवर त्यांना चहा दिला. चहा आला म्हणून तरी ते बसले. थोड्याच वेळात उत्तर मिळाले. त्या नावाच्या मुलावर आमच्याच काय, शहरातल्या कोणत्याही ठाण्यात गुन्हा नव्हता, साधी तक्रारही नव्हती.

"हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारले.

"पोरानंच. फोनवर रडून राहिला होता. मायले सांगू नका म्हने. अन मंग तुमच्या हवालदार सायबाचाबी फोन आलता मले."

"काय म्हणाले हवालदार?"

"म्हने, काका, पोराले घरी बलावू नका, रस्त्यातच अटक होईन. इथं भाऊ हाय तोवर तो सुरक्षित हाय."

"कोण भाऊ?"

"आता ते मले काय मालूम जी. मले वाटलं, तुमीच भाऊ."

मी हसलो नाही. ज्या वाक्याने मी सावध झालो ते त्या हवालदाराचे होते. कोणताही पोलीस 'भाऊ आहे तोवर तो सुरक्षित' असे म्हणणार नाही. कोणीतरी आमच्या कामाची हुबेहूब नक्कल चालवली होती. गुन्हा, हजेरी, हवालदाराचा फोन, सगळे होते. फक्त पोलीस नव्हते.

मी त्या गृहस्थांना खरे ते सांगितले. "तुमच्या मुलावर कोणताही गुन्हा नाही. पण ही गोष्ट येत्या सोमवारपर्यंत तुम्ही कोणाला सांगायची नाही. मुलालाही नाही."

"काहून?"

"त्याला फोनवर सांगाल, तर तो विश्वास ठेवणार नाही. तो त्या भाऊलाच विचारायला जाईल."

हे त्यांना पटले. पिशवी उचलताना ते म्हणाले, "जोडी त्याच्याच हातानं तोरनाखाली जाते, सायेब. धाकट्याले बैल जुमानत नाही. घरी काय सांगू मी?"

"सांगा, की ठाणेदारांनी सुट्टीचा अर्ज ठेवून घेतला आहे."

ते गेल्यावर मी ठाणे अंमलदारांना बोलावले. ठाण्याच्या दर्शनी भागात बसून येणाऱ्या प्रत्येकाची दखल घेणे हे ठाणे अंमलदाराचे काम. त्या वेळी तिथे एक अनुभवी महिला हवालदार होत्या, दर्यापूरकडच्या, जिभेने तिखट. दर सोमवारी कोण कोण येते, असे मी त्यांना विचारले. त्यांनी चार-पाच नावे सांगितली आणि थांबल्या.

"अन तो पाण्यावाला येते, सायेब."

"कोण पाणीवाला?"

"नाव नाही मालूम. पांढरं शर्ट, कडक इस्तरी. येते, मले वाकून नमस्कार करते, कूलरचं पानी पिते, फलकावरच्या हरवलेल्या मानसायच्या सूचना वाचते अन चालला जाते. मले वाटे, कोन्या वकिलाचा मानूस असन. नमस्कार करनाऱ्याले काय हटकावं म्हनून सोडून देल्लं."

"बाहेर त्याच्यासोबत कोणी असतं?"

"समोर निंबाखाली पोट्टे उभे राह्यतात गाड्यायवर. त्यायचा काही संबंध असन असं वाटलं नाही मले."

ठाण्यासमोर रस्त्यापलीकडे एक कडुनिंब होता आणि त्याच्या सावलीत चहाची टपरी. माझ्या खिडकीतून तो कडुनिंब दिसत असे. मुले तिथे उभी राहत होती, आणि त्यांचा 'भाऊ' आत येऊन त्यांच्या नावाने पाणी पिऊन जात होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी साध्या कपड्यांत, भरतीची मुले जिथे सराव करतात त्या मैदानावर गेलो. सोबत आमच्या ठाण्यातला एक तरुण शिपाई होता. तो स्वतः याच मैदानावर धावून भरती झालेला असल्यामुळे तिथल्या मुलांमध्ये सहज मिसळला. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले अमरावतीत गावोगावहून येतात. चौघे मिळून एक खोली घेतात, मेसचा डबा लावतात, सकाळी धावतात आणि दिवसा अभ्यासिकेत बसतात. त्यांच्यात दर भरतीनंतर एक गट असा उरतो, ज्याची निवड थोडक्यात हुकलेली असते. शरीर तयार असते, शिस्त अंगी आलेली असते, आणि निकाल न घेता गावी जाण्याची लाज वाटत असते. भाऊने आपली माणसे नेमकी याच गटातून हेरली होती. टोळीत फक्त टवाळ मुले जातात, या समजुतीत पालकांनी राहू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे.

मैदानाच्या कडेला काही मुले नुसतीच बसली होती. त्यांतल्या एका उंच मुलाच्या पायात धावण्याचे बूट होते, पण त्यांच्या नाड्या सुटलेल्या. शिपायाने हळूच सांगितले, तेल्हाऱ्याचा तो हाच. मी त्याच्याजवळ गेलो नाही.

शिपायाने मात्र इतरांशी गप्पा मारत मारत सगळी हकिगत मिळवली. उन्हाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी मैदानाबाहेर या मुलांची काही अनोळखी पोरांशी बाचाबाची झाली होती. धक्काबुक्की सुरू झाली आणि त्यांतला एक जण डोके धरून खाली पडला. हात, शर्ट, कपाळ सगळे लाल. अंधार पडत आला होता. मुले घाबरून पळाली. थोड्याच वेळात त्यांच्या खोलीवर भाऊ आला. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला आहे, पण मी बोलून अटक थांबवून ठेवली आहे, असे त्याने सांगितले. त्याच्या अटी तीनच होत्या. शहर सोडायचे नाही, सोमवारी हजेरीला यायचे, आणि फोन आला की निघायचे.

आता त्या जखमीचा शोध घेणे आले. मारहाणीत जखमी झालेला माणूस रुग्णालयात दाखल झाला, की तिथून पोलिसांना कळवले जाते. हा नियम आहे आणि तो सहसा चुकत नाही. अकोल्याच्या एका सहकाऱ्याला मी फोन केला. तशी कोणतीही खबर तिथे आलेली नव्हती. मैदानाजवळच्या एका दुकानदाराने त्या पडलेल्या पोराला संत्र्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून पाहिले होते. वर्णन कळवले, आणि शनिवारी दुपारी अकोल्याच्या सहकाऱ्याचा उलट फोन आला.

"सर, तुमचा बेशुद्ध पेशंट सापडला. ट्रान्सपोर्ट लाइनला भजे खाऊन राहिला आहे."

त्याला अमरावतीला आणले. चौकशीत मी एक पद्धत कटाक्षाने पाळत असे. महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारायचा, आणि आधीचे सर्व प्रश्न असे विचारायचे की खोटे बोलण्याची गरजच पडू नये. गाव कोणते, ट्रक कोणाचा, माल कुठून कुठे जातो, हे त्याने मोकळेपणाने सांगितले. मग मी त्याला टोपी काढायला सांगितली.

"डोकं छान आहे तुझं. जखम कुठे झाली होती?"

"इथं, सायेब." त्याने उजवीकडे बोट ठेवले.

"टाके?"

"पडले ना. सात-आठ."

"मग तिथले केस इतके चांगले कसे उगवले? मलाही सांग ते औषध, माझे गेले आहेत."

दाराशी उभ्या असलेल्या अंमलदार बाई हसल्या. तोही हसला, आणि त्याच्या लक्षात आले की आपण हसायला नको होते.

"पानी भेटन काय, सायेब?"

पाणी पिऊन झाल्यावर त्याने सगळे सांगितले. रक्त वगैरे काही नव्हते. हळदीची पुडी आणि खर्ऱ्यात, म्हणजे तंबाखू-सुपारीत, घालायला ठेवलेला ओला चुना, दोन्ही त्याच्या खिशात होते. खाली पडताना त्याने ते तळहातावर मळले आणि कपाळाला फासले. हळदीत चुना मिसळला की लाल रंग होतो, हे आपल्याकडे घराघरात माहीत आहे. पण संध्याकाळी, भांडणात, आपल्या हातून एक माणूस पडला असे वाटत असताना कोणाला हळद आठवणार?

"याआधी किती वेळा पडलास असा?"

"दोन-तीनदा. भाऊ म्हने, तुले चांगलं पडता येते."

"आणि पुढे काय ठरलं आहे?"

यावर तो चाचरला. शेवटी तो म्हणाला, "बुधवारी वरूडले न्याचं हाय पोट्ट्यायले. एका बागवाल्यानं अंबिया बहाराच्या संत्र्याचा सौदा भाऊच्या मानसाले देल्ला नाही. त्याचे क्रेट फोडाचे, राखनदाराले मारायचं अन त्याचा व्हिडिओ काढाचा. मंग पोट्टे पक्के होतात. मंग कुठी जात नाहीत."

ते ऐकल्यावर प्रकरणाचे खरे स्वरूप माझ्यासमोर स्पष्ट झाले. तोवर त्या मुलांच्या डोक्यावर असलेला गुन्हा खोटा होता. बुधवारी तो खरा होणार होता. वरूडच्या बागेत एकदा राखणदाराच्या अंगावर काठी पडली असती, तर मला त्यांना आरोपी म्हणूनच पकडावे लागले असते. मग त्यांची भरती संपली, आणि भाऊने सांगितलेले प्रत्येक वाक्य खरे ठरले. मला जे काही करायचे होते, ते त्याआधी करायचे होते.

वरिष्ठांना मी सर्व माहिती दिली. वरूड ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येते, म्हणून त्यांनाही कळवले. वरिष्ठांनी साहजिकच विचारले, "क्लीनरचा जबाब आहे, मग म्होरक्याला आजच का उचलत नाही?"

मी म्हणालो, "सर, आज त्याला उचललं तर मुलांना वाटेल, आता आपली पाळी. ती पळतील. आणि पळालेला मुलगा दुसऱ्या कोणत्या तरी भाऊकडे जातो. त्यांच्या मनातली केस आधी बंद व्हायला हवी. ती मी सांगून बंद होणार नाही. त्यांना ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

त्यांनी परवानगी दिली. अट एवढीच घातली, की सोमवारी एकही मूल ठाण्याच्या आवारातून घाबरून पळता कामा नये.

सोमवारी सकाळी मी गणवेश न घालता त्या टपरीवर जाऊन बसलो. आमचा तरुण शिपाई शेजारी होता. भाऊ आला, मागून मुले आली. पांढरा शर्ट खरोखरच कडक इस्त्रीचा होता. गाडी लावून त्याने मुलांना सांगितले, "थांबा इथंच. चेहरा दाखवू नका. मी सह्या करून येतो सर्वायच्या." तो आत गेला. मुले मान खाली घालून उभी राहिली. तेल्हाऱ्याचा मुलगा सर्वांच्या मागे होता.

मी चहाचा पेला ठेवला आणि त्यांच्याजवळ गेलो. "मुलांनो, मी या ठाण्याचा ठाणेदार आहे. घाबरू नका आणि पळू नका. तुमच्यापैकी कोणालाही मी पकडायला आलेलो नाही. तुमचा भाऊ आत तुमच्यासाठी काय करतो, ते पाहायचं आहे का?"

एकाने गाडीची चावी घट्ट धरली. तेव्हा आमचा शिपाई पुढे झाला. "अरे, मी चार दिवस झाले तुमच्यासंग बसून राहिलो. पकडाचं असतं तं मैदानावरच पकडलं नसतं काय? चला."

तेल्हाऱ्याचा मुलगा आधी निघाला. मग बाकीचे.

आम्ही सगळे रस्ता ओलांडून आवारात गेलो आणि व्हरांड्याच्या जाळीपाशी उभे राहिलो. आत भाऊ कूलरजवळ पाणी पीत होता. पेला विसळून त्याने जागेवर ठेवला, रुमालाने तोंड पुसले आणि सूचनाफलकासमोर जाऊन उभा राहिला. हात मागे बांधून तो एक एक सूचना वाचू लागला. एखादा निवृत्त गृहस्थ वाचनालयात वर्तमानपत्र वाचतो, तसा. अंमलदार बाई टेबलावर आपले काम करत होत्या. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

मुलांमधून दबलेला आवाज आला, "अबे, हा तं पानी पिऊन राहिला."

"सही कुठी करते?"

"कूलरवर करत असन," तिसरा म्हणाला, आणि इतके दिवस दाबलेले हसू त्यांच्यात एकाएकी फुटले.

भाऊने मागे वळून पाहिले. जाळीपलीकडे आपली सगळी मुले रांगेत उभी आहेत आणि आपल्याला हसत आहेत, हे त्याला दिसले. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मी आत जाऊन माझी ओळख दिली.

"मी सायबायसंगच बोलून राहिलो होतो," तो सवयीने म्हणाला.

"कोणत्या साहेबांशी? ठाणेदार मी आहे, आणि मी समोर चहा पीत होतो."

त्याने सावरायचा प्रयत्न केला. "पानी पिनं गुन्हा हाय काय, सायेब?"

उत्तर अंमलदार बाईंनी दिले. "पानी पिनं नाही ना भाऊ. पानी पिऊन सह्या केल्या म्हनून सांगनं हाय. बसा आता. आज खरोखरची सही घेतो तुमची."

त्याला ताब्यात घेतले. त्याचा फोन पंचांसमक्ष जप्त केला. त्या फोनमध्ये मैदानावरच्या भांडणाची चित्रफीत होती. मुलांना धाक दाखवण्यासाठी त्याने ती जपून ठेवली होती, आणि तिच्याच सुरुवातीला क्लीनर खिशातून पुडी काढताना स्वच्छ दिसत होता. मुलांनी ती कधी सुरुवातीपासून पाहिलीच नव्हती, कारण भाऊ त्यांना फक्त लाल झालेले कपाळ दाखवत असे. 'हवालदार' म्हणून फोन करणारा त्याचा मावसभाऊ निघाला. तोही त्याच दिवशी सापडला.

मुलांना मी माझ्या खोलीत बसवले. खुर्च्या पुरेनात, तेव्हा बाहेरचा बाक आत आणला. एकाने विचारले, "सायेब, संगनकात एकदा पाहा ना. खरंच नाव नाही?" मी प्रत्येकाला आपले नाव सांगायला लावले आणि अंमलदार बाईंनी संगणकात पाहून प्रत्येकाला मोठ्याने उत्तर दिले, "नाही." दर वेळी बाकावरचा एक खांदा खाली येताना दिसे. नंतर क्लीनरला आत आणले. तो तेल्हाऱ्याच्या मुलासमोर उभा राहिला आणि ओशाळून म्हणाला, "बरा हाय मी."

मुलगा कितीतरी वेळ त्याच्या कपाळाकडे पाहत राहिला. मग एवढेच म्हणाला, "मले वाटलं, मी मानूस मारला."

मी त्याला विचारले, "एवढं ओझं घेऊन फिरण्यापेक्षा एकदा आत येऊन विचारलं का नाहीस? ठाणं तर समोरच होतं."

त्याने दिलेले उत्तर मी नंतर अनेक प्रशिक्षण वर्गांत सांगितले. "ज्या ठान्यात नोकरी मांगाले याचं, सायेब, त्याच ठान्यात आरोपी म्हनून कसा येऊ?"

त्या दुपारी त्याने फिर्याद दिली. इतरांचे जबाब साक्षीदार म्हणून नोंदवले. आरोपी व्हायला आलेली मुले साक्षीदार होऊन बाहेर पडली. वरूडची बाग शाबूत राहिली, आणि तिचा सौदा मालकाने पसंत केलेल्या व्यापाऱ्याशीच झाला. पुढे खटला चालला. अशा खटल्यांत साक्षीदार फुटणे ही आमची नेहमीची डोकेदुखी असते. या खटल्यात एकही मुलगा फिरला नाही. साक्षीच्या दिवशी ते सगळे न्यायालयात एकाच वेळी, इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून आले होते. हा त्यांचा खोडसाळपणा होता आणि तो आरोपीला बरोबर कळला. दोष सिद्ध झाला.

पण म्होरक्या तुरुंगात गेला म्हणजे मुले सुटली, असे होत नाही. जुने फोन येत राहतात, जुनी माणसे कोपऱ्यावर भेटत राहतात. म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. मुलांनी खोल्या बदलल्या, फोन क्रमांक बदलले. पालकांना बोलावून मुलांसमोरच सर्व हकिगत सांगितली, म्हणजे घरात लपवण्यासारखे काही उरले नाही. आमचा तरुण शिपाई रोज सकाळी त्यांच्याबरोबर धावू लागला. मी स्वतः शनिवारी मैदानावर जाऊन सगळ्या मुलांना एकच गोष्ट सांगत असे. तुमच्यावर गुन्हा आहे असे कोणी म्हणाले, तर थेट ठाण्यात या आणि विचारा. विचारणे हा गुन्हा नाही. सुरुवातीला कोणी येईना. मग एक आला, मग दोघे आले. पुढे तर मुले अंमलदार बाईंना दारातूनच विचारू लागली, "मॅडम, माह्यावर केस हाय काय?" आणि त्या कामातून मान न काढता म्हणत, "अजून तं नाही. पळ, अभ्यास कर."

या प्रकरणाने मला जे शिकवले ते थोडक्यात असे. टोळीत मुलाला बांधून ठेवण्यासाठी चाकू किंवा काठी लागत नाही. 'आता तुला परतीचा रस्ता नाही' एवढे त्याला पटवले की पुरते. बहुतेक वेळा हे खोटे असते. जिथे मुलाच्या हातून खरोखर चूक झालेली असते, तिथेही ते निम्मे खोटेच असते, कारण कबूल केलेल्या चुकीला शिक्षा असते आणि शिक्षेला शेवट असतो. भाऊच्या हजेरीला शेवट नव्हता. पालकांना माझे सांगणे आहे, की मूल एखाद्या सणाला घरी येण्याचे टाळू लागले, तर रागावण्याआधी त्याच्या दाराशी जा. त्या शेतकऱ्याला कायद्यातले काही कळत नव्हते. पण पोराविना पोळा त्याला चालणार नव्हता, म्हणून तो यष्टीत बसून थेट ठाणेदारासमोर येऊन उभा राहिला. माझ्या अनेक वर्षांच्या नोकरीत इतकी उपयुक्त खबर क्वचितच मिळाली.

सोमवारीच संध्याकाळी मी त्यांना फोन केला आणि सुट्टी मंजूर झाल्याचे कळवले. त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याच्या बसमध्ये बसला. पोळ्याला जोडी त्याच्याच हाताने तोरणाखाली गेली. पुढच्या भरतीत तो निवडला गेला.

मी निवृत्त झालो, त्यालाही आता काही काळ झाला. गेल्या पोळ्याच्या आधी एका दुपारी दारावर कोणीतरी आले. पाहतो तर तेच गृहस्थ, तीच टोपी, हातात कापडी पिशवी. या वेळी ते न सांगता बसले.

"काय म्हणता? आज काय मागायला आलात?"

"सुट्टी," ते म्हणाले.

"आता कोणाची?"

"त्याचीच जी. पोळ्याच्या दिवशी बंदोबस्त लागला त्याले, अकोल्यात. ठानेदार सुट्टी देत नाही म्हनते. तुमी सांगून पाहा ना त्यायले एक शब्द."

मी हसू आवरून विचारले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं? मुलानं, का पुन्हा एखाद्या हवालदाराचा फोन आला?"

"आता तं हवालदार त्याच्याच बाजूले उभे राह्यतात, सायेब."

मी त्यांना सांगितले, की निवृत्त माणसाच्या शब्दावर बंदोबस्त रद्द होत नाही आणि होऊही नये. मग त्यांनी पिशवीतून घरच्या तुरीच्या डाळीची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि उठले.

"राहू द्या मंग," ते म्हणाले. "या साली धाकटाच नेईन जोडी. सांगतो बैलायले, मोठ्याची हजेरी हाय. खरीवाली."